सर्व वेळा स्थानिक

२ जून, सोमवार

आजपासून रोज दोन ओळी लिहायच्या. जास्त नाही. ही होती तेव्हा दिवा मालवायच्या आधी दिवसभराचं तिला सांगायचो. ती हूं हूं करायची. वही हूं करत नाही, पण मध्येच घोरतही नाही.

ठराव: पहाटे साडेपाचला उठणे. फिरायला जाणे. मुलीविषयी मनात काही न ठेवणे. झालं ते झालं.

ही जाऊन तीन महिने होतील. शेवटच्या दिवशी मुलगी हजर नव्हती. तिच्या शहरातून संध्याकाळी सातचं विमान असतं. मी बरोबर चारला फोन केला होता. तीन तास हातात असून तिला ते पकडता आलं नाही. विमानाचा प्रवास किती, तर एक तास चाळीस मिनिटं. एवढ्या वेळात आमची बस कॉलनीतून स्टेशनला जाऊन परत येते. पण यावर मी काही बोलणार नाही. एकतीस वर्षं सिटी बसच्या डेपोत वेळापत्रकं केली. घरच्या माणसाला लेट मार्क लावणं माझ्या स्वभावात नाही.

३ जून

साडेपाचला उठलो नाही. पहिला दिवस ट्रायल धरावा.

चहात साखर म्हणून बटणं घातली. डब्यावर हिच्या अक्षरात स्वच्छ ‘साखर’ लिहिलेलं. साखर शेवटी ‘खिळे’मध्ये निघाली. खिळे अजून सापडलेले नाहीत. वेळापत्रकवाल्याबरोबर सदतीस वर्षं संसार करून ही शिस्त. चहा गाळून प्यायलो. एक बटण माझ्या ड्यूटीच्या जुन्या शर्टाचं होतं. ते बाजूला काढून ठेवलं.

५ जून, गुरुवार

मुलीचा फोन. ती तिकडे पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. जेवलात का, झोप लागते का, हेच. मग म्हणाली, आईचा बिस्किटी रंगाचा स्वेटर मला हवा होता, कोपराला रफू केलेला. कुणाच्या हाती पाठवाल का.

मी म्हटलं, पाठवायचं काय त्यात, येऊन घेऊन जा. एक तास चाळीस मिनिटांचा तर प्रश्न.

ती गप्प बसली. मग म्हणाली, बरं बाबा. खरं बोललं की समोरचा माणूस गप्प बसतो. डेपोत तीस वेळा पाहिलंय.

दिव्याचं बटण हिच्या बाजूला आहे. रोज पलंगाला वळसा घालून जावं लागतं. इलेक्ट्रिशियनला सांगून माझ्या बाजूला घ्यायचं.

८ जून, रविवार

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, चष्म्याचं दुकान आहे. येताना केळी आणली आणि जाताना त्यातली चार खाऊन गेला. भाचीचा विषय त्यानेच काढला. त्याने तिचं नाव ‘वरातीमागून घोडं’ ठेवलंय. मला हसू आलं, पण मी हसलो नाही.

हे नाव पडायला मी जबाबदार नाही. हिच्या शोकसभेला चार माणसं जमली होती. मुलगी कोपऱ्यात बसली होती. कुणीतरी विचारलं, शेवटची भेट झाली का? मी उभा राहून वस्तुस्थिती सांगितली. वेळ, विमान, सगळं. त्यात टीका नव्हती. फक्त आकडे होते. तेव्हापासून तिची मामी तिच्याशी बोलत नाही. तो मामीचा प्रश्न.

मेहुण्याला मी विमानाचं छापील वेळापत्रक दाखवलं. नकाशावर पट्टी ठेवून अंतर आधीच मोजलं आहे, सरळ रेषेत तीन हजार नऊशे किलोमीटर. एकाच खंडातली दोन शहरं, नकाशावर वीतभर. इथून तिकडे जाणारं विमान सकाळी दहाला सुटतं आणि सहा-चाळीसला पोहोचतं. म्हणजे आठ तास चाळीस मिनिटं. तिकडून इकडे येणारं सातला सुटतं आणि आठ-चाळीसला पोहोचतं. म्हणजे फक्त एक तास चाळीस. अंतर तेच. म्हणजे येणं तिला सोपं, जाणं मला अवघड. असं असून मीच तिकडे यावं असं तिचं म्हणणं.

मेहुणा म्हणाला, एवढा फरक कसा असेल भावजी? मी म्हटलं, घाट. आमच्या टेकडीवरच्या बसला वर जायला पन्नास मिनिटं द्यायचो, खाली यायला तीस. तो म्हणाला, आभाळात कुठला आलाय घाट? आणि तिकडचं घड्याळ पुढे असतं म्हणतात, त्याचं काय?

तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, हे मला माहीत आहे. मी अडाणी नाही. पण वेळापत्रकाचा पहिला नियम काय? एका कागदावर एकच घड्याळ. हा नियम डेपोत मी आणला. आधी कंट्रोलरच्या केबिनमधलं घड्याळ गेटवरच्या घड्याळापेक्षा सात मिनिटं पुढे होतं आणि रोज मारामाऱ्या व्हायच्या. मी एक घड्याळ उतरवायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून शांतता. एवढी मोठी विमान कंपनी एका कागदावर दोन घड्याळं छापेल? प्रवासी वेडे होतील.

मेहुणा म्हणाला, तुमच्याशी वाद म्हणजे भिंतीला चष्मा लावणं. हरलेला माणूस असंच बोलतो.

१२ जून

फिरायला गेलो नाही. गुडघा.

त्या दिवसाची नोंद एकदा नीट करून ठेवतो, म्हणजे पुन्हा डोक्यात येणार नाही.

हिला चार दिवस आधी ॲडमिट केलं होतं. मुलीला ‘चेकअप’ एवढंच सांगितलं होतं. उगाच लांबच्या माणसाच्या जिवाला घोर कशाला. त्या दिवशी दुपारी बारा वाजता डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या, आत्ता. डॉक्टर लोक घाबरवून सोडतात. मी बाकावर बसलो, वेळापत्रक काढलं आणि शांतपणे हिशेब केला. विमान सातला. तीन तास आधी तिने निघायला हवं. म्हणजे फोन चारला. आधी करून काय होणार? बिचारी लॅबमध्ये असेल, तिचा दिवस खराब. बस सुटायच्या चार तास आधी प्रवाशाला फलाटावर उभं करणं म्हणजे कंट्रोलरची नालायकी.

आत गेलो. हिने विचारलं, आली का? मी म्हटलं, सातची आहे. ती म्हणाली, आत्ताच करा ना फोन. मी तिला सगळा हिशेब समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि डोळे मिटले. बरं म्हणाली.

बरोबर चारला फोन लावला. सांगितलं, आईचं बरं नाही, निघ. ती म्हणाली,

“गेली, बाबा.”

मी म्हटलं, नाही नाही, आहे अजून, आत्ताच पाणी पाजलं. ती म्हणाली, विमान गेलं, संध्याकाळची फ्लाइट गेली. आणि रडायला लागली. तीन तास बाकी असताना. रडण्यात वेळ घालवण्याऐवजी टॅक्सी पकडली असती तर?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने आली, आठ-चाळीसला. ही पहाटे पाच-पन्नासला गेली. घड्याळ मीच पाहिलं.

झालं. लिहून काढलं की हलकं वाटतं म्हणतात. गुडघा तसाच आहे.

२० जून, शुक्रवार

खूप विचार करून मुलीला मेसेज पाठवला. भाषा सौम्य. मजकूर असा की तिने उशीर तिच्या चुकीने झाला हे मान्य करावं. मग मामाला फोन करून तसं सांगावं. त्यानंतर स्वेटर तिला मिळेल, तो मी नीट घडी करून डांबरगोळ्यांत ठेवला आहे. कोणतीही सक्ती नाही.

२३ जून

उत्तर आलं. ‘बाबा, जेवता ना वेळेवर?’

मुद्द्याला बगल. पालथ्या घड्यावर पाणी.

जेवण मात्र हल्ली वेळेवर होत नाही. भूक लागते तेव्हा कळतं की कुकर लावला नाही. हिचं घड्याळ नव्हतं. कधीच वापरलं नाही. तरी एकला ताट समोर असायचं. मला म्हणायची, तुमच्या घड्याळाला विचारून सूर्य उगवतो, मग मला वेगळं कशाला.

२९ जून, रविवार

जावयाचा फोन. हा लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस शांत, पण अडकलेल्या लिफ्टसारखा, मध्येच थांबतो. म्हणाला, थोडे दिवस आमच्याकडे या. मी म्हटलं, तुमच्याकडे यायचं म्हणजे आठ तास चाळीस मिनिटांची चढण आहे. तो म्हणाला, बाबा, लिफ्टला वर जायला आणि खाली यायला साधारण सारखाच वेळ लागतो. मी म्हटलं, लिफ्टला घाट नसतो.

मग जरा थांबून म्हणाला, बाबा, त्या दिवशी खरं म्हणजे… आणि मागून मुलीचा आवाज आला, नको, ठेव तो फोन. फोन कट.

यावरून निष्कर्ष काय निघतो? जावई बोलायला तयार आहे, मुलगी बोलू देत नाही. शितावरून भाताची परीक्षा. काहीतरी लपवत आहेत.

५ जुलै, शनिवार

निर्णय झाला. वाद घालून उपयोग नाही, प्रात्यक्षिक द्यायचं. मी स्वतः तिकडे जाणार. आणि परतीला तेच सातचं विमान धरणार. घरापासून विमानतळ, विमानतळापासून विमान, सगळं घड्याळ लावून. तीन तासांत सत्तरीचा माणूस पोहोचतो तर पस्तिशीची मुलगी का नाही? एकदा तिच्या डोळ्यांसमोर झालं की ती काही बोलू शकणार नाही. मग माफ करेन. माफीची तयारी आत्तापासूनच आहे.

चढणीचे आठ तास चाळीस मिनिटं सोसायचे. बाप म्हटलं की सोसणं आलं.

७ जुलै

तिकीट काढलं. एजंटची मुलगी पेन चघळत बोलते. स्क्रीनकडे बघून म्हणाली, काका, प्रवास पाच तास दहा मिनिटांचा, दोन्हीकडून. मी तिला नम्रपणे सांगितलं की तिचा कॉम्प्युटर सरासरी सांगतोय. जाताना आठ-चाळीस, येताना एक-चाळीस, बेरीज करून दोनाने भाग, पाच-दहा. तिने खरंच कॅल्क्युलेटर काढला. बरोबर आलं. माझ्याकडे बघतच राहिली.

तरी हट्ट सोडेना. म्हणाली, अहो काका, तिकिटावर लोकल टाइम असतो. मी म्हटलं, दाखव. तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं: सर्व वेळा स्थानिक आहेत.

हेच तर मी इतके दिवस सांगतोय! स्थानिक म्हणजे कुठल्या? तिकीट इथे काढलं, पैसे इथे दिले, प्रवासी इथला. स्थानिक म्हणजे इथल्या. परक्या गावच्या वेळेला कोणी स्थानिक म्हणतं का? त्या ओळीखाली तांबड्या पेनाने रेघ मारून घेतली. पुरावा असावा तर असा. एजंटच्या मुलीने पेन तोंडातून काढलं आणि म्हणाली, बरं काका, शुभयात्रा.

मनातल्या मनात थोडा वेगाचा हिशेब केला. येताना ताशी दोन हजार तीनशे किलोमीटर पडतो. विज्ञान फार पुढे गेलं आहे.

१७ जुलै

बॅग भरली. स्वेटर घेतला. आधी द्यायचा नाही, मान्य केल्यावर द्यायचा. डांबरगोळ्यांचा वास आत शिरलाय, हिचा गेला. घडी उघडून एकदा बघितलं. परत घातली.

डेपोतून निवृत्तीला मिळालेलं घड्याळ मनगटावर. तिकडे गेल्यावर काटे फिरवायचे नाहीत. प्रात्यक्षिकात मापाची पट्टी बदलत नाहीत.

१८ जुलै, शुक्रवार

मुक्काम मुलीच्या घरी.

विमान दहाला सुटलं. आठ-चाळीस बसायच्या तयारीने पुस्तक, दोन उशा, गुडघ्याचं मलम घेऊन बसलो होतो. आणि काय? तीन वाजून दहा मिनिटांनी खाली उतरलं. तीन तास तीस मिनिटं आधी! पायलटने बेफाम चालवलं असणार. वेळेआधी येणं हा उशिरा येण्याइतकाच गुन्हा आहे, आमच्याकडे अशा ड्रायव्हरला मेमो मिळायचा. उतरताना हवाईसुंदरीकडे तक्रारवही मागितली. तिने लिमलेटची गोळी दिली.

विमानतळावरच्या भिंतीवर सहा-चाळीस वाजले होते. ते मी बघायचंच नाही असं ठरवलं आहे. बाहेर उजेड कमी झालेला. इथे लवकर अंधारतं वाटतं.

मुलगी विमानतळाच्या दारातच उभी होती. वाळली आहे. मला बघून पुढे आली आणि थांबली. मी म्हटलं, बघ, वेळेआधी पोहोचलो. ती हो म्हणाली आणि माझी बॅग घेतली. मी बॅग सोडली नाही, स्वेटर होता.

१९ जुलै

यांचं सगळंच अवेळी. काल साडेचारला जेवायला बसवलं. मी म्हटलं, ही काय वेळ आहे? जावई म्हणाला, आठ वाजलेत बाबा. मी मनगट पुढे केलं. मुलीने नुसती मान हलवली आणि ताट झाकून ठेवलं. साडेआठला मी जेवलो तेव्हा ती समोर बसून होती, डोळे मिटत होते तिचे. इथले मध्यरात्री बारा वगैरे म्हणे. बसू नकोस म्हटलं. तरी बसली. आईची सवय.

स्वयंपाकघरात एक गोष्ट सापडली. भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं! एक साडेतीन तास पुढे, त्यावर काही लिहिलेलं नाही. दुसऱ्याखाली पट्टी चिकटवली आहे: ‘आई’. ते माझ्या घड्याळाशी तंतोतंत जुळतं. जावई म्हणाला, आईंना फोन करायची वेळ चुकू नये म्हणून तिने लावलंय, काढू देत नाही.

मला सगळा उलगडा झाला. एका भिंतीवर दोन घड्याळं असली की विमान चुकणारच.

२० जुलै, रविवार

कबुली मिळाली.

जेवताना मी विषय काढला. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, मी चारला फोन केला, विमान सातला होतं, हे खरं की खोटं? जावई म्हणाला, बाबा, एक मिनिट, मी सांगतो. मुलीने टेबलावर त्याच्या मनगटावर हात ठेवला. दाबूनच ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

“हो बाबा. माझंच चुकलं.”

जावई चमचा खाली ठेवून बाल्कनीत गेला. जेवण अर्धवट. शिस्त नाही.

मी म्हटलं, मामालाही सांग. तिने तिथल्या तिथे फोन लावला. मामा, त्या दिवशी माझ्यामुळे उशीर झाला, मामीला सांग. पलीकडून मेहुणा बराच वेळ बोलत होता, बहुधा घोड्याचा विनोद. ती ऐकत होती. हसलीसुद्धा थोडी.

आता नियमाप्रमाणे स्वेटर द्यायला हवा. पण नुसती तोंडी कबुली. प्रात्यक्षिक बाकी आहे. बुधवारी विमानात बसताना देईन, जास्त शोभेल.

झोपायच्या खोलीत दिव्याचं बटण माझ्याच बाजूला आहे. तरी एकदा पलीकडे वळसा घालून आलो.

२२ जुलै

उद्याचा आराखडा. दोघांचीही उद्या उशिराची पाळी आहे. बरंच झालं, लुडबुड नको. मुलगी म्हणत होती रजा घेते, सोडायला येते. मी साफ नको म्हटलं. मदतीने केलेलं प्रात्यक्षिक कसलं? घर ते विमानतळ एक तास. तीनला निघायचं, चारला पोहोचायचं, विमान सातला. म्हणजे त्या दिवशी तिच्याकडे जेवढे तीन तास होते तेवढेच माझ्याकडे.

तिने टॅक्सी सांगून ठेवली आहे. दोनदा विचारलं, बाबा, टॅक्सी आली की लगेच बसाल ना? मी म्हटलं, मला वेळ शिकवतेस?

स्वेटर ती कामावर निघताना द्यायचा राहिला तर विमानतळावरून कुरिअर करता येईल.

२३ जुलै, बुधवार. घड्याळात १२.४०

टॅक्सीवाला साडेबारालाच दारात हजर! म्हणे चारची वेळ दिली होती. मी घड्याळ दाखवलं. तो त्याचं दाखवायला लागला. मी दार लावून घेतलं. असल्या लोकांमुळेच माणसं गोंधळतात. दुसरी टॅक्सी मीच बघेन. फोन बंद करून ठेवला आहे. बॅटरी वाचवायची.

तोवर स्वयंपाकघरात बसलो. ‘आई’चं घड्याळ चांगलं चालतं. टिकटिक मोठी आहे पण.

त्याच दिवशी. ४.०५

विमानतळ. बरोबर चारला काउंटरवर पोहोचलो. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. तिकीट पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाली, गेली.

मी विचारलं, कोण?

म्हणाली, फ्लाइट. सात वाजता.

मी तिला तांबड्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं. सर्व वेळा स्थानिक. ती म्हणाली, हो. स्थानिक. मग तिने काउंटरवरून हात पुढे करून माझं मनगट धरलं, हळूच, आणि वर भिंतीकडे वळवलं. भिंतीवर साडेसात. मनगटावर चार.

चार वाजता इथे साडेसात असतात.

खुर्च्या लोखंडी आहेत. थंड आहेत.

४.३०

फोन चालू केला. मुलीचे अकरा मिस्ड कॉल. लावला. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, गेली ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तिथेच बसा, हलू नका, मी येते. आवाज अगदी साधा होता. काही खाल्लंत का, हे पण विचारलं.

दुपारी बारा वाजता इथे किती वाजलेले असतात ते मी मोजत बसलो नाही. मोजायचं काही कारण नाही. साडेतीन.

२४ जुलै, गुरुवार

काल गाडीत ती काही बोलली नाही. मी वाट पाहत होतो. एखादी असती तर बापाला सोडलं नसतं. रेडिओ लावू का, एवढंच विचारलं.

सिग्नलला गाडी थांबल्यावर मीच विचारलं. म्हटलं, त्या दिवशी मी फोन केला, तेव्हा तुझ्या घड्याळात किती वाजले होते?

ती समोर बघत होती. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी काढली नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मग म्हणाली,

“आठवत नाही, बाबा.”

म्हणजे बघा. एवढा महत्त्वाचा दिवस, आणि तिला वेळसुद्धा आठवत नाही. मला मिनिटं आठवतात. पुराव्याच्या दृष्टीने तिची बाजू लंगडी. विषय संपला. यापुढे काढायचा नाही. मेहुण्याला वगैरेही काही कळवायची गरज नाही, तो उगाच विनोद करतो.

प्रात्यक्षिक विमान कंपनीच्या गलथानपणामुळे होऊ शकलं नाही. परतीचं तिकीट उद्याचं मिळालं आहे. जावई सोडायला येणार.

स्वेटर द्यायचा राहिलाच. तिनेही पुन्हा मागितला नाही. बॅगेतच आहे.

घड्याळ काढून स्वेटरच्या घडीत ठेवलं. पट्टा हल्ली घट्ट होतो.